दुसरं तिकीट

सिस्टर अंघोळीला गेली तसा तपासनीस उठला, त्याने खोलीला आतून कडी लावली आणि तिची पर्स पलंगावर उपडी केली.

पाण्याचे मीटर तपासण्यात एकतीस वर्षं घालवलेला माणूस. कुणी मीटरला लोहचुंबक चिकटवलाय, कुणी भिंतीमागून दुसरी नळी काढलीय, हे त्याला दारात पाऊल टाकल्याबरोबर कळत असे. घरमालक फार अगत्य करू लागला की समजावं, पाणी मुरतंय. घरात मात्र त्याने कधी झडती घेतली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. बायको मोठ्या दवाखान्यात डायलिसिसच्या विभागात सिस्टर. पहाटे साडेपाचला निघायची, दुपारी तीनला परत. शेजारीपाजारी तिला सिस्टरच म्हणत, आणि लग्न झालेल्या लेकीला सासरी कुणी विचारलं तर तीही "सिस्टरची मुलगी" म्हणूनच ओळख सांगे.

अशा बाईने चार दिवसांपूर्वी जेवता जेवता सांगितलं होतं, "मी सहा दिवस परदेशी जाणार आहे."

"कशाला?"

"गाणं ऐकायला."

तिने एका रॉक बँडचं नाव घेतलं. त्याला ते एखाद्या औषधाचं वाटलं.

"म्हणजे ते केस वाढवून किंचाळतात ते?"

"आता केस गळलेत त्यांचे. शेवटचाच दौरा आहे."

"आणि तू एकटी जाणार?"

"एकटी."

हे म्हणताना तिने पाण्याचा ग्लास उगाचच उचलला आणि न पिता खाली ठेवला. तो उगाचपणा त्याने टिपून ठेवला. भांडी घासतानासुद्धा ती कधी गुणगुणलेली त्याला आठवत नव्हती. हिला गाण्याचं वेड कधी लागलं? आणि लावलं कुणी?

पर्समधून रुमाल, किल्ल्या, गोळ्यांची पट्टी, दवाखान्याचं ओळखपत्र निघालं. आतल्या कप्प्यात चौघडी घातलेले दोन कागद. दोन तिकिटं. त्या बँडच्या कार्यक्रमाची, लागोपाठच्या क्रमांकांची. एकावर तिचं नाव होतं. दुसऱ्यावर एका पुरुषाचं. हे नाव त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

बाथरूममधला नळ बंद झाला. त्याने एकेक वस्तू ज्या क्रमाने पडली होती त्याच क्रमाने परत भरली, कडी काढली आणि वर्तमानपत्र उघडून बसला. ते उलटं धरलंय हे तिने सांगितल्यावर कळलं.

त्या आठवड्यात आणखी एक पुरावा हाती लागला. बाल्कनीत ती फोनवर कुणाशी तरी परक्या भाषेत हळू आवाजात बोलत होती. त्याला ती भाषा निम्मीच कळे, पण त्यातले दोन शब्द कुणालाही कळले असते. एक होता बेड आणि दुसरा कॅन्सल.

त्याने लेकीला फोन केला. तिकिटांचं काही बोलला नाही, जाण्याचं तेवढं सांगितलं.

"जाऊ दे ना बाबा. आईने आयुष्यात कधी काही मागितलंय का?"

"तेच तर. ज्याची काही तक्रार नसते, त्याचा मीटर आधी बघावा."

"बाबा, ती आई आहे, नळजोडणी नाही."

लेकीने फोन ठेवला. तो रविवारपर्यंत धुमसत राहिला आणि रविवारी भाजी चिरत बसलेल्या बायकोला म्हणाला, "मी पण येतो."

तो तिच्या हातांकडे बघत होता. सुरी थांबली. ती दचकेल, कारणं सांगेल, असा त्याचा अंदाज होता. तिने चिरलेली भाजी ताटलीच्या कडेला सारली.

"या," ती म्हणाली. "तिकीट आहे जास्तीचं."

कुणाचं, हे त्याने विचारलं नाही. चोराला आपणहून बोलू द्यावं, हा खात्यातला पहिला धडा. पण रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. ज्याचं तिकीट, तो गडी कुठे जाणार? त्याने दुसरं काढलं असेल. तिथे गर्दीत उभा असेल. नवऱ्याला बरोबर आणलेला बघून ओळख न दाखवता निघून जाईल. पण त्याचे डोळे तर कुठे जात नाहीत. तपासनीस डोळे ओळखत असे.

महिन्याभराने, विमानात, तिने इअरफोन लावले, तेही एकाच कानात. दुसऱ्या कानाचा दोरा तिच्या खांद्यावरून खाली लोंबत राहिला. त्याने दोनदा सांगितलं, "दुसरा पडलाय." तिने दोनदा मान हलवली आणि तो तसाच राहू दिला.

कार्यक्रम नदीपलीकडच्या मोकळ्या मैदानात होता, दुपारी चारला. सकाळी दहालाच रांग पार पुलापर्यंत आली होती. ऊन चांगलंच तापलं होतं. माणसं जमिनीवर बसली होती, कुणी उताणी झोपली होती, कुणी एकमेकांच्या पाठीला टेकून गात होती. म्हातारेकोतारेही काळे शर्ट घालून आले होते. तपासनिसाने रांगेतले एकेकटे पुरुष हेरायला सुरुवात केली. टोपीवाला? नाही, त्याची बायको आली. छत्रीवाला? फारच म्हातारा. तो चष्मेवाला मात्र तिसऱ्यांदा इकडे बघतोय.

"कुणाला शोधताय?" तिने विचारलं.

"कुणाला नाही. तू?"

ती उत्तर द्यायच्या आत पुढून आरोळी आली, "सिस्टर!"

पाच-सहा जणांचा घोळका होता, बाल्कनीत ऐकलेल्या त्याच परक्या भाषेत बोलणारा. सगळ्यात पुढे एक धिप्पाड बाई. ती कुठल्याशा शहरात बस चालवते, हे नंतर कळलं. तिने सिस्टरला उचलूनच घेतलं. सिस्टरच्या चपला जमिनीपासून वीतभर वर गेल्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी उचललेलं नव्हतं, हा विचार नको तेव्हा त्याच्या मनात येऊन गेला. तो दोन पावलं मागेच थांबला. पुरावा आपल्या पायाने समोर येत असेल तर मध्ये पडू नये.

मग घोळक्यातला एक टकला, हडकुळा माणूस त्याच्याकडे वळला. हा पाव भाजणारा. त्याचे डोळे एकदम भरून आले.

"मास्तर!" तो म्हणाला. "आलात शेवटी!"

आणि त्याने तपासनिसाला मिठी मारली. पण ही मिठी विचित्र होती. काचेचं भांडं धरावं तशी, डाव्या हाताला जराही धक्का लागू न देता. बसवालीने झटकन एक घडीचं स्टूल उघडून त्याच्यामागे ठेवलं. "बसा, बसा. तुम्हाला फार वेळ उभं राहायचं नाही ना!" तिसऱ्या एकीने छोटीशी बाटली पुढे केली आणि डोळे वटारून म्हणाली, "पाणी दोनच घोट हं, मास्तर!" सगळे हसले.

तिकिटावरचा माणूस म्हणजेच हा मास्तर. आणि यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही. तपासनिसाने बायकोकडे पाहिलं. ज्या क्षणाची तो दीड महिना वाट पाहत होता, तो हा. पण तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची कळा नव्हती. वॉर्डाचं दार लोटून बाहेर बसलेल्या नातेवाइकांपुढे जाताना तिचा चेहरा असाच होत असेल, असं त्याला पुढे कधीतरी वाटलं.

"हे मास्तर नाहीत," ती म्हणाली. "हे माझे मिस्टर. मास्तर गेले. चार महिने झाले."

पाववाल्याचे हात तपासनिसाच्या खांद्यावर तसेच राहिले.

"पण तू लिहिलं होतंस," बसवाली म्हणाली. "बेड मिळाला, दोन्ही तिकिटं घेऊन येतेय."

"बेड खरंच मिळाला होता. इथल्या डायलिसिस केंद्रात, आज सकाळचा. मीच ठरवला होता आणि मीच कॅन्सल केला. तिकिटं दोन्ही आणली." तिने पर्सवर हात ठेवला.

"मागच्या महिन्यात मी त्याला वाढदिवसाचं लिहिलं," पाववाला हळूहळू म्हणाला. "त्याचं उत्तर आलं मला."

"ते मी दिलं."

रांग चार पावलं पुढे सरकली. यांच्यापैकी कुणी हललं नाही.

"त्याचा हात सुयांनी अडकलेला असायचा," ती म्हणाली. "आपल्या चाहत्यांच्या गटावर तो सांगायचा, मी टाइप करायची. सात वर्षं तसंच. मग गेल्यावरही तुमचे निरोप यायचे. मास्तर, तयारी कुठवर? मास्तर, कुठलं गाणं आधी होईल? मी खरं लिहायला बसायचे आणि दुसरंच लिहून व्हायचं. चूक झाली माझी."

पाववाल्याने हात काढले आणि तो रांग सोडून पुलाच्या कठड्याकडे निघून गेला. बसवाली स्टुलाची घडी घालत राहिली. ती घडी बराच वेळ बसेना.

फाटकाशी एका पोरसवदा माणसाने यंत्र तिकिटावर धरलं. यंत्र टिंग वाजलं. नाव कुणी वाचलं नाही, तोंड कुणी पाहिलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर तपासनीस आत गेला. हे कसलं तपासणं, असं त्याच्या मनात आलं आणि आपण हा कसला विचार करतोय म्हणून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

ते मंचासमोरच्या लोखंडी कठड्याला जाऊन टेकले. अजून तास होता.

"कोण होता?" त्याने विचारलं.

"शाळेत भूगोल शिकवायचा. लग्न नव्हतं केलं. आई होती, ती आधीच गेली. आठवड्यातून तीनदा यायचा, चार तास मशीनवर. सगळ्यांना लावून झालं, प्रेशर बघून झालं की माझी अर्धा तास खुर्ची असते. ती त्याच्या बेडशेजारी होती, एवढंच. एक दिवस त्याने एक इअरफोन माझ्या कानात घातला. मी म्हटलं, हा काय गोंगाट? म्हणाला, सिस्टर, खालचं ऐका. वरचं सगळे ऐकतात."

"मग?"

"मग ऐकायला लागले."

त्याने समोरच्या रिकाम्या मंचाकडे पाहिलं. माणसं तारा ओढत होती. सात वर्षं. त्या सात वर्षांत आपण दोघं काय बोललो, हे तो आठवू लागला. गॅस आला का. लेकीचा फोन आला का. दूध नासलं.

"तुझा जीव होता त्याच्यावर?"

तिने पटकन उत्तर दिलं नाही. खोटं बोलणारी माणसं पटकन देतात.

"होता," ती म्हणाली.

त्याने कठड्यावरचा गंज नखाने खरवडला. विचारण्यासारखं बरंच होतं.

"मला कधी सांगितलं नाहीस ते," तो म्हणाला. "निदान गेला तेव्हा तरी."

"आपलं लग्न झालं त्या वर्षी वॉर्डात एक मुलगी गेली होती. दहा वर्षांची. मी घरी येऊन रडत बसले. तुम्ही म्हणालात, दवाखाना उंबऱ्याबाहेर ठेवून येत जा." ती जराही चिडलेली नव्हती. "ठेवला."

त्याला ते वाक्य आठवेना. पण ते आपण बोललोच नाही, असंही त्याला म्हणवेना. आवाज ओळखीचा होता.

पाववाला परत आला. डोळे लाल होते. तो सिस्टरकडे न बघता तिच्या पलीकडे उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "शेवटी त्रास झाला का?"

"नाही. सकाळी आला, वजन केलं, गादीवर बसला आणि मला म्हणाला, आज जरा थकवा आहे. मी मशीन जोडायला वळले."

पाववाल्याने मान डोलावली. मग खिशातून चुरगळलेला रुमाल काढून तिच्या हातात दिला. ती रडत नव्हती, तरी तिने तो घेतला.

चारला पाच कमी असताना मंचावर चार म्हातारे आले. एक तर काठी टेकत आला. मैदानातून असा आवाज उठला की तपासनीस दचकून मागे सरला. पहिला ठोका पडला तो कानाला नाही, छातीला लागला. हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. सिस्टरने तो धरला आणि लोखंडी कठड्यावर उपडा ठेवला. लोखंड थरथरत होतं.

ती त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, "लागतंय? डायलिसिससाठी हातातल्या दोन नसा जोडतात ना, तिथे बोट ठेवलं की असंच घुरघुरतं. रोज आल्यावर आधी तेच बघायचं. तो म्हणायचा, यांचा बास, तो खालचा सूर, माझ्या मनगटात वाजतो."

त्याने हात काढला नाही.

दुसरं गाणं सुरू झालं आणि सगळं मैदान गाऊ लागलं. बसवाली, पाववाला, पाण्याची बाटलीवाली, तो सकाळचा चष्मेवाला. सिस्टरही गात होती. मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून, एकही शब्द न चुकवता. हा आवाज तपासनिसाने कधी ऐकला नव्हता. जाडसर होता, जरा बेसूर होता.

त्याला त्यातलं काहीच येत नव्हतं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला आणि एकेक शब्द मागे राहत, आवाज न काढता, तोंड हलवू लागला.