साऱ्या बंदुका बोकेरोनच्या

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा. पाराग्वायमधल्या आमच्या पिरिबेबुय गावात सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास होता, त्यातून काय निघालं ते ऐका.

बोलिव्हियाशी झालेल्या चाकोच्या युद्धाला साठ वर्षं झाली, तेव्हा नगरपालिकेने ठरवलं की बोकेरोनच्या विजयदिनी दारात एक काचेची पेटी बसवायची. पेटीत त्या लढाईतली एक बंदूक, खाली पितळी पट्टी, पट्टीवर ती चालवणाऱ्याचं नाव. बंदूक निवडायची जुन्या बंदुका जमवणाऱ्या आमच्या मंडळाने.

मंडळ म्हणजे सात म्हातारे आणि एक म्हातारी. आम्ही म्हाताऱ्यांनी बायकोच्या गुडघ्याला कधी तेल लावलं नाही, पण माउझर बंदुकीच्या खटक्याला रोज. दस्त्यावर लढाईचा ओरखडा दिसला की अभिमानाने डोळ्यांत पाणी. बंदूक चकचकीत दिसली की तोंड वाकडं. आणि प्रत्येकाची बंदूक बोकेरोनलाच लढलेली. एवढ्या बंदुका खरोखर तिथे असत्या, तर बोलिव्हियावाले दुपारच्या जेवणाआधीच घरी परतले असते.

माझ्याकडे एकच होती, बापाची. बाप, लिबोरिओ ओबेलार, युद्धावर गेला होता हे खरं. परतला तो हिवताप आणि बंदूक घेऊन, आणि मरेपर्यंत त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. चौकातल्या संगमरवरी फळीवर गावच्या लढवय्यांची नावं आहेत. त्यात तो नाही. त्या फळीपुढून मी जन्मभर मान खाली घालून गेलो. मला ती पितळी पट्टी हवी होती, दुसरं काही नको होतं.

मंडळाचा निवाडा तेरेरे, म्हणजे आमचा पाल्याचा थंड चहा, पिऊन होई. मालकाने बंदुकीची हकिकत सांगायची, मग थंड पाणी ओतलेलं तेरेरेचं शिंग, ओढायच्या नळीसकट, एकेकाच्या हाती जायचं. प्यायला, म्हणजे पटलं. आमच्याकडे शिंग पुढे आल्यावर 'ग्रासियास' म्हणून आभार मानले, की त्याचा अर्थ, आता मला नको. एकाने जरी आभार मानले तरी बंदूक बाद. आजवर एकही बाद झाली नव्हती. ज्याच्या घरी स्वतःचं खोटं भिंतीवर टांगलेलं, तो दुसऱ्याच्या खोट्याला कशाला बोट लावील? दोन बंदुका पटल्या, तर जिने जास्त शत्रू पाडले ती वरचढ.

निवाड्याच्या रविवारी उमेदवार दोघेच. डॉन अबुंदिओ, जकात खात्यातून निवृत्त, एकोणीस बंदुकांचा धनी, त्याने आपल्या काकाच्या नावावर अकरा शत्रू लावले. सगळे प्यायले.

मी घरून नऊ ठरवून आणले होते. ते तिथल्या तिथे चौदा झाले. बापाला आठ दिवस पाणी नाही, जीभ चामड्यासारखी, खिशात फक्त तीन गोळ्या, असं मी इतकं रंगवलं की माझ्याच घशाला कोरड पडली.

अबुंदिओने डोळे बारीक केले. "तीन गोळ्यांत चौदा माणसं?"

"ओळीत उभे होते," मी म्हणालो. "पाण्यासाठी."

शिंग फिरलं. पहिला प्यायला, दुसरा प्यायला, तिसऱ्याने तर डोळे पुसले. अबुंदिओने एरंडेल प्यावं तसं तोंड करून ओढलं, पण ओढलं; कारण त्याचा काका युद्धाच्या साली सात वर्षांचा होता, हे मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.

उरली न्या बासिलिआ; मानाच्या पुरुषाला डॉन, तशी आमच्याकडे बाईला न्या. ब्याऐंशी वर्षांची, मंडळातली एकटी बाई. नवऱ्याची बंदूक तिच्याकडे होती, पण तिने ती पेटीसाठी आणली नव्हती. पाणी ओतायचं काम तिचं. तिने शिंग भरलं आणि मांडीवर धरून बसली.

"ग्रासियास, तासिओ," ती म्हणाली.

मी हसून म्हणालो, "न्या बासिलिआ, घोटभर तरी घ्या. ऊन बघा केवढं आहे."

"ऊन मला दिसतंय. तुझा बाप बोकेरोनला होता, माझ्या नवऱ्याच्याच तुकडीत. चौदा मारलेही असतील, पण ते बैल. आचारी होता रे तो. माझा माणूस तीन वर्षं त्याच्या हातचं खाऊन जगला, आणि घरी आल्यावर माझ्या रश्श्याला मरेपर्यंत नावं ठेवत राहिला. त्याला कशाला खाटीक करतोस? जा, घरात त्याची पळी असेल तर घेऊन ये. पेटीत ती ठेवून पट्टीवर त्याचं नाव घालायचं असेल, तर हे शिंग मी आत्ता पिते."