बकुळाचं भाषण

परळच्या एका शाळेत मे महिन्यात मुलांचं शिबिर भरलं होतं. नेतृत्व कसं करायचं, चारचौघांत कसं बोलायचं, ते शिकवायचे. नववी झालेली मेघना तिथे गटप्रमुख झाली. तिच्याच वर्गातली बकुळा तिच्या गटात होती. कुणी नाव विचारलं तरी बकुळा खाली बघायची.

समारोपाला प्रत्येक गटातून एकाने बोलायचं होतं. शिबिर घेणाऱ्या सीमाताई म्हणाल्या, "जो सगळ्यात कमी बोलतो त्याला उभं करा. खरा लीडर तेच करतो."

मेघनाने बकुळाला जिन्यात गाठलं.

"मी काय बोलू गं?" बकुळा म्हणाली. मग तिने हळूच सांगितलं. तिचा दादा गौतम नोकरीसाठी पुण्याला गेलाच नव्हता. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. नोकरीचं आईने चाळीत सांगितलेलं.

"हेच बोल. मनातलं असलं की अडखळणार नाहीस."

"आई येणारेय अगं."

"काकूंना बरंच वाटेल. माझ्यावर सोड."

समारोपाला बकुळा दादाबद्दल बोलली. एकदाही अडखळली नाही. हॉलभर टाळ्या पडल्या. मेघनाने वळून पाहिलं. लेकीचं भाषण ऐकवायला शांताकाकूंनी चाळीतल्या दोन बायकांना हौसेने आणलं होतं. त्या एकमेकींकडे बघत होत्या. काकू मांडीवरचा पदर सारखा करत होत्या.

त्यानंतर बकुळाने फोन उचलला नाही. शेवटी मेघना लालबागला तिच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. आत बकुळा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काकू, मला वाटलं..."

"काल गौतम घरी आला," काकू म्हणाल्या. "चांगला दिसत होता. नाक्यावरच्या पोरांनी विचारलं, सुटलास काय रे? तसाच निघून गेला. फोन बंद आहे."

मेघना बकुळाजवळ बसली. बकुळा वळली नाही. "तू म्हणालीस म्हणून बोलले," एवढंच म्हणाली.

काकूंनी चपला घातल्या. "वडाळ्याला त्याचे जुने मित्र बसतात. चल माझ्याबरोबर. तू विचार लोकांना. मला नाही जमत."

मेघना गेली. पानटपरीवर, रिकाम्या गोदामापाशी, पुलाखाली झोपलेल्या माणसांना तिने मोबाईलवरचा फोटो दाखवला. काकू मागे उभ्या राहायच्या. कुणी मान हलवली की पुढे चालू लागायच्या.

जूनमध्ये शाळा उघडली. बकुळा मेघनाला सोडून दुसऱ्या बाकावर बसली, ती तिथेच राहिली. मेघना अजूनही रविवारी काकूंबरोबर जाते. गौतमचा पत्ता नाही.