कॅप्टन मार्चबँकची धनकाठी

इंग्लंडमधल्या विकरफील्ड गावच्या क्रिकेट मैदानावर त्या शनिवारी सामना नव्हता, तरी अख्खं गाव लोटलं होतं. म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते, बायका थर्मासमधून चहा ओतत होत्या, आणि मधोमध कॅप्टन मार्चबँक डोळे मिटून उभा होता. हा कुठल्या फौजेचा की जहाजाचा कॅप्टन, हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्याच्या हातात पिस्तुलासारखी मूठ, मुठीवर काळी डबी आणि डबीतून पुढे आलेली लांब, बारीक पितळी काठी.

"शांतता, मंडळी! सोनं-चांदी लाजाळू असते. गोंगाटात बोलत नाही."

गाव चूप झालं. काठी थरथरली, डावीकडे वळली आणि एका जागी खिळली. कॅप्टननं गुडघे टेकून खुरपीनं माती उकरली आणि रोमन बादशहाचं डोकं असलेलं चांदीचं नाणं वर धरलं. "अबब!" म्हणून लोकांनी टाळ्या पिटल्या.

"दोन मैलांवरचा धातू ही ओळखते! गाडलेली चांदी श्वास घेत असते, आणि या डबीतला स्फटिक तो श्वास ऐकतो!"

सफोकच्या या ओल्या मातीत चांदीला श्वास असता तर एव्हाना खोकला झाला असता, असं ग्वेंडा लार्टरच्या मनात आलं. तिनं तीस-एक वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निम्मी गर्दी तिच्या हाताखालून गेलेली, आणि तीच गर्दी आता तोंडाचा आ करून उभी होती. इतक्या बोटांत अंगठ्या, इतक्या खिशांत चिल्लर, पलीकडे चर्चमध्ये चांदीची भांडी. या सगळ्यांना ओलांडून काठी नेमकी एका गाडलेल्या नाण्याकडे कशी गेली, असं एकाही विद्यार्थ्याला वाटू नये, याची तिला लाज वाटली.

पण लाजेपेक्षा मोठी पंचाईत घरात होती. तिचा धाकटा भाऊ रोलंड टाळ्या पिटणाऱ्यांत सर्वांत पुढे होता.

सोमवारी कॅप्टन रोलंडच्या परसात आला. तिथं रोलंडच्या दिवंगत बायकोनं, मॅबेलनं, लावलेली नाशपातीची पाच झाडं होती. काठी तिथंच वळली. मुळांखाली चांदीची पेटी आहे, कॅप्टन म्हणाला. आपली दक्षिणा त्यानं आगाऊ घेतली.

"अरे, झाडं पाडणार तू? मॅबेलची?" ग्वेंडानं विचारलं.

"ताई, तो म्हणतो मॅबेलला आतून ठाऊक होतं. म्हणून तर तिनं झाडं इथंच लावली, खूण म्हणून. माझ्यासाठी."

"तिनं तिथं लावली कारण तिथं ऊन येतं!"

"तुझं शास्त्र फळ्यापुरतं, ताई. सगळंच काही फळ्यावर मावत नाही."

ती आणखी बोलली असती, पण त्याच्या चेहऱ्यावर मॅबेल गेल्यापासून पहिल्यांदाच उजेड दिसत होता. मेलेल्या बाईच्या नावानं धंदा करणाऱ्या त्या माणसाचा तिला इतका संताप आला की ती तशीच उठून गाडीत बसली आणि बाजाराच्या गावी गेली. निवृत्तीनंतर एखादा मेटल डिटेक्टर घ्यावा, शेतांतून हिंडावं, असं तिच्या मनात होतंच. आता निमित्त मिळालं.

दुकानातल्या बाईनं पहिला प्रश्न केला, "शोधणार कुठं?"

"आधी यंत्र तर घेऊ द्या."

"उलटं करताय. आधी जमीन बघा. जुनी पायवाट, नांगरलेलं शेत, पूर्वी जत्रा-बाजार भरायचा असं कुरण. जुने नकाशे चाळा, म्हाताऱ्यांना विचारा, मालकाची परवानगी घ्या. समुद्राच्या खाऱ्या वाळूला वेगळं यंत्र लागतं, शेताला वेगळं. आणि हात-हात खोलीच्या जाहिरातींना भुलू नका. पहिल्या यंत्रानं वीतभर खालचं नाणं दाखवलं तरी पुष्कळ. हे हलकं आहे, धरून बघा. खांदा दुखला तर कपाटातच पडून राहील."

ग्वेंडानं ते हलकं, साधं यंत्र घेतलं. दुकानदारीण दोन मैलांबद्दल चकार शब्द बोलली नाही, हे तिला फार आवडलं.

कॅप्टनचा दुसरा प्रयोग रविवारी दुपारी बार्नी कॅचपोलच्या कुरणात ठरला होता. त्या दिवशी तो तसल्याच काठ्या विकायला काढून लोकांची मागणी नोंदवून घेणार होता. बार्नीही ग्वेंडाचाच विद्यार्थी.

"बाई, तुम्ही पण?" तिच्या हातातलं यंत्र बघून तो हसला. "शोधा की. आजोबा म्हणायचे, इथं मेंढ्यांचा बाजार भरायचा. सापडेल त्यातलं निम्मं माझं, आणि खड्डे बुजवा. मेंढीचा पाय मोडला तर तुमचं नाव सांगेन."

रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असताना ती कुरणात उतरली. खिळे निघाले, काडतुसाची टोपी निघाली, घोड्याच्या पट्ट्याचं एक बक्कल निघालं. जुन्या वस्तूंना माती घट्ट बिलगलेली होती, त्यांच्यावरच्या गवताची मुळं अखंड होती. मग कुंपणालगत यंत्र स्वच्छ, मोठ्यांदा वाजलं. तिथल्या हिरवळीचा एक गोल तुकडा झाकणासारखा अलगद उचलला गेला. कडेचं गवत पिवळं पडू लागलं होतं. दोन बोटं खाली रोमन नाणं, लख्ख पुसलेलं. थोड्या अंतरावर दुसरं. ओकच्या झाडाशी तिसरं.

तिनं नाण्यांना हात न लावता बार्नीला बोलावून आणलं. त्यानं तिन्ही झाकणं उचलून पाहिली. त्याची मान लाल झाली.

"माझ्याच कुरणात येऊन पेरून गेला? थांबा, फावडं आणतो."

"फावड्यानं तो एकटा पळेल, बार्नी. लोकांचा विश्वास इथंच राहील. नाणी तुझ्या खिशात टाक, झाकणं होती तशी ठेव, आणि दुपारी त्याच्या अगदी शेजारी उभा राहा."

दुपारी कॅप्टन आला. डोळे मिटले, लाजाळू सोन्याचं पुराण झालं. काठी थरथरत कुंपणाकडे गेली आणि खिळली. खुरपी चालली. माती निघाली. आणखी माती निघाली, मग एक गांडूळ.

"अं... इथली ऊर्जा जरा चंचल आहे."

दुसऱ्या जागी माती. ओकच्या झाडाशीही माती. कॅप्टनच्या कपाळावर घाम आला.

"पृथ्वीच्या लहरी सरकल्यात! चांदी नदीकडे ओढली गेलीय!"

"किती लांब, कॅप्टनसाहेब?" ग्वेंडानं विचारलं.

"मैलभर तरी!"

"बार्नी, दाखव रे."

कॅप्टनच्या कोपराला कोपर लावून उभ्या असलेल्या बार्नीनं खिशातून तिन्ही नाणी काढून तळहातावर धरली. "मैलभर म्हणे! सकाळपासून माझ्या खिशात आहेत. तूच पुरलेली, भामट्या!"

मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि हसू सगळीकडे पसरलं.

"बाईंचा अविश्वास काठीला सहन होत नाही," कॅप्टन पुटपुटला.

"मग विश्वास असणाऱ्याच्या हाती देऊ." ग्वेंडानं काठी त्याच्या हातातून घेतली आणि रोलंडला दिली. "धर. गवतावर पडलेल्या त्या निळ्या टोपीखाली मी एक नाणं ठेवलंय."

रोलंडनं काठी धरली. ती हळूहळू टोपीकडे वळली. "वळली! ताई, मी काहीच करत नाहीये!"

"टोपी उचल."

टोपीखाली गवत होतं.

"मी खोटं बोलले, आणि काठी माझ्या खोट्याकडे वळली. ही मुठीत सैल फिरते. मनगट केसभर कललं तरी टोक हातभर सरकतं. तुला जिकडे वाटतं तिकडे तुझाच हात कलतो, आणि ते तुला कळतही नाही. तुझ्या बाबतीत ही चूक होती. याच्या बाबतीत धंदा."

तिनं खिशातल्या चाकूनं डबीचे स्क्रू काढले. आत स्फटिक नव्हता. सोनेरी रंग फासलेला पुठ्ठा होता, आणि वजनासाठी मातीचा गोळा.

कॅप्टननं पळ काढायला गाडी सुरू केली, पण कुरणाचं फाटक बार्नीनं आधीच लावलं होतं. आगाऊ घेतलेल्या रकमा परत केल्यावरच ते उघडलं.

घरी पोचल्यावर रोलंडनं ग्वेंडाला परसात नेलं. कोपऱ्यातलं एक झाड आडवं पडलं होतं, फांद्यांवर कळ्या होत्या.

"काल मीच तोडलं. सुरुवात म्हणून," तो म्हणाला आणि तिथंच चिखलात बसला. ग्वेंडाकडे त्याला द्यायला शास्त्रातलं काहीही नव्हतं. ती त्याच्याशेजारी बसली. उरलेल्या चार झाडांसाठी त्यानं खोदायला ठरवलेल्या माणसाला फोन करून नकार दिला, एवढं मात्र त्याच संध्याकाळी झालं.

विकरफील्डमध्ये आजही दोन-तीन महाभाग आहेत, जे म्हणतात की काठी खरी होती, माणूसच खोटा निघाला. अशांना काय सांगावं? ग्वेंडा एकच सांगते, आणि ते सांगायला भौतिकशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. चमत्कार दाखवणारा दारात आला की त्याच्या डोळ्यांत बघून म्हणा, "वस्तू मी लपवतो, तू शोध." खरा असेल तर तो शोधून देईल. अजून कुणी दिलेली नाही.