कोरलेलं पातं

विनायक गुळवणी आणि हणमंत धारप सव्वीस वर्षं दिल्लीत एकाच मंत्रालयात शेजारच्या टेबलांवर बसले, आणि निवृत्तीच्या तोंडावर नोएडात एकाच सेक्टरमध्ये राहायला आले. दोघांना वेड एकच, जुन्या वस्तऱ्यांचं. लाल किल्ल्यामागच्या रविवार बाजारातून गंजके विलायती वस्तरे उचलायचे, सहाणेवर लावायचे, चामडी पट्ट्यावर परजायचे. मग एक गाल एका पात्यानं, दुसरा दुसऱ्यानं, आणि चहा निवेपर्यंत वाद. विनायकरावांना पाचरीसारखं जाड पातं पसंत. राठ केसांपुढे ते वाकत नाही. हणमंतरावांचा जीव कोरलेल्या पात्यावर. दोन्ही अंगांनी पोखरून कागदासारखं केलेलं ते पातं गालावरून फिरताना बारीक वाजायचं. "ऐक, बोलतंय," ते म्हणायचे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत हणमंतरावांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. विनायकराव रोज सकाळी जाऊन बसत. हणमंतरावांच्या पत्नी इंदुमतीबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "भावजी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. दाढी मी आपल्या आशयच्या मशीननं करते. वस्तरा अजिबात नको. डॉक्टरांनी बजावलंय."

एकदा त्या दूध आणायला खाली गेल्या होत्या. हणमंतरावांनी उजव्या हातानं कपाटाकडे बोट केलं.

"एकदाच," ते कसंबसं म्हणाले. "नीट. माणसासारखी."

विनायकरावांना नाही म्हणवलं नाही. खरं तर त्यांचेही हात शिवशिवत होते. त्यांनी कोरलेलं पातं काढलं. उजवा गाल सुरेख झाला. हणमंतराव डोळे मिटून ऐकत होते. डावीकडे जबड्याखाली कातडी ओघळली होती, ती ताणली जाईना. पातं सरकलं आणि आत गेलं. हणमंतराव हसतच होते. त्या बधिर बाजूला त्यांना काही कळलंच नव्हतं.

तुरटी लावली, टॉवेल दाबला. इंदुमतीबाई दूध घेऊन आल्या तेव्हा दुसरा टॉवेल भिजला होता.

शेजाऱ्याच्या मारुतीतून इस्पितळ गाठलं. टाके घालताना डॉक्टर भडकले, "ये दवा चल रही थी और आपने उस्तरा चलाया? किसी ने बताया नहीं था?"

"नहीं," विनायकराव म्हणाले. "मुझे पता नहीं था."

इंदुमतीबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा नवऱ्याचा हात हातात घेतला.

रक्त थांबलं, पण त्यासाठी गोळ्या बंद कराव्या लागल्या. चौथ्या दिवशी दुसरा झटका आला आणि त्यात हणमंतराव गेले.

विनायकरावांची बायको कुमुद भेटेल त्याला सांगत राहिली, "ह्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं हो." विनायकराव ऐकून घेत होते. तेराव्याला धारपांचा मुलगा आशय त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"काका, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका यार. आईनं सांगायला नको होतं का? बाबा गेले त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेलो नाही."

इंदुमतीबाई समोरच पानं वाढत होत्या. त्यांनी ते ऐकलं. मग त्या भात वाढत पुढच्या पानाकडे गेल्या.

विनायकराव अर्ध्या पानावरून उठले. रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी ते पुन्हा धारपांच्या दारात उभे राहिले. आशय ऑफिसला निघाला होता.

"तुझ्या आईनं सांगितलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. वस्तरा नको म्हणून. मी खोटं बोललो."

आशय दारातच थांबला. "काका, माझी आई तेरा दिवस या घरात एकटी रडत होती."

त्यानं बॅग जमिनीवर ठेवली आणि तो स्वयंपाकघरात गेला. आतून "आई" अशी एकच हाक आली, मग नळ बंद झाल्याचा आवाज. विनायकराव उंबऱ्याबाहेर बराच वेळ उभे होते. कुणी बाहेर आलं नाही. शेवटी त्यांनीच हळूच दार ओढून घेतलं आणि कुमुदला काय सांगायचं, याचा विचार करत ते जिना उतरू लागले.