अकरावं मत

बुलाक पक्षाच्या कारा-तोर शाखेची उमेदवार यादी जाहीर होणार होती, त्या दिवशी मारझाननं सकाळीच केस रंगवून घेतले. यादीत दुसरा क्रमांक आपला, हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. शाखेचे अध्यक्ष तुरातबेक यांनीच तसं सांगितलं होतं, तेही चारचौघांत, जेवणाच्या दस्तरखानावर बसून.

तुरातबेक पूर्वी गुरांचे डॉक्टर होते. माणसांशीही ते तसंच बोलत, मोठ्यानं आणि थोडक्यात. चष्मा चढवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिला क्रमांक त्यांचा स्वतःचा. त्यात नवल नव्हतं. मारझान खुर्चीत सावरून बसली.

"दोन. एल्झादा माम्बेतोवा."

खोलीत टाळ्या पडल्या. मारझाननंही वाजवल्या, हात आपोआप वाजले. पुढची नावं तिच्या कानावरून नुसती वाहत गेली. तिचं नाव आलं ते नवव्या क्रमांकावर. गेल्या खेपेला पक्षाचे पाच जण नगरपरिषदेत गेले होते. नववा क्रमांक म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सगळे चहाला उठले तशी ती तुरातबेकपाशी गेली. "बायके," ती म्हणाली; थोरल्या पुरुषाला तिथं तसंच म्हणत. "दुसरा क्रमांक माझा होता ना?"

"अगं मारझान, तू तर घरचीच आहेस," ते म्हणाले. "घरच्या माणसाला क्रमांक कशाला लागतो? ती पोर मतं आणणार आहे. आणि आता लोक पक्षाबरोबर उमेदवाराच्या नावावरही खूण करतात. तू मेहनत घे, वर येशील."

मेहनत घे! अकरा वर्षं या कचेरीतला कोळसा तिनं स्वतः वाहून आणला होता. उणे वीसच्या थंडीत खांबांवर पत्रकं चिकटवली होती, गोंद गोठू नये म्हणून डबा कोटाच्या आत छातीशी धरून. कुणाच्या घरी मयत झाली तर पक्षाच्या वतीनं पहिली पोचायची ती मारझान. आणि एल्झादा पक्षात येऊन झाले होते आठ महिने.

एल्झादा रुग्णवाहिकेवर परिचारिका होती, वय तेहेतीस. जानेवारीत वरच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि नऊ दिवस वीज आली नाही, तेव्हा ती चाळीस बायका घेऊन वीज कचेरीत जाऊन बसली होती. सोबत समोवार नेला, तिथल्या साहेबालाही चहा पाजला, आणि नवा ट्रान्सफॉर्मर गाडीवर चढेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. त्याचं चित्रण गावातल्या प्रत्येक फोनवर फिरलं. तुरातबेक दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात गेले.

दुपारी घरी नवऱ्यासमोर लाग्मानचा वाडगा ठेवत मारझाननं सगळं सांगितलं. दुइशेन टॅक्सी चालवायचा. साधा माणूस. शेवया ओढत म्हणाला, "पण चांगली पोर आहे गं ती. माझ्या आईला छातीत दुखलं तेव्हा तीच आली होती. जाताना पायऱ्यांवरचा बर्फसुद्धा बाजूला करून गेली."

"मग जा, तिच्याच हातचं जेव," मारझान म्हणाली आणि ब्रेड त्याच्यापुढून उचलून नेला.

प्रचाराला तुरातबेकनी दोघींना एकत्र धाडलं. गल्ल्या मारझानच्या ओळखीच्या, चेहरा एल्झादाचा. प्रत्येक दारात तेच व्हायचं. दार उघडणारी बाई आधी मारझानला बघायची, मग तिच्या खांद्यावरून मागे बघायची आणि तिचा चेहरा फुलायचा. "अय्या, तू ती समोवारवाली ना!" मग आत बोलावणं, मुरंबा, तळलेले बोर्सोक. अकरा वर्षांत याच दारांत मारझानला चौकटीबाहेर उभ्यानं बोलावं लागलं होतं. एल्झादा तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. दर वेळी म्हणायची, "या एजेंनी मला सगळं शिकवलं." मनापासून म्हणायची, आणि तेच मारझानला जास्त लागायचं. ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी बाजारात सुक्या जर्दाळूंच्या दुकानावर बसणाऱ्या शारकाननं विचारलं, "काय गं, तुमची ती पोर निवडून येणारच म्हणे?"

मारझाननं एक जर्दाळू तोंडात टाकला. "येईल की. पण राहील किती दिवस, देव जाणे. तिचं कोरियाला कामाला जायचं ठरलंय, असं कानावर आलंय. व्हिसासुद्धा झालाय म्हणे."

असं काहीही तिच्या कानावर आलं नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि तिला क्षणभर फार हलकं वाटलं, घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं.

शारकानला सांगितलेली गोष्ट गावभर व्हायला दीड दिवस लागायचा. ही एका दिवसात झाली. मारझानकडे ती परत आली तेव्हा एल्झादानं घर विकायला काढलं होतं आणि कोरियात तिचा कुणी तरी वाटही बघत होता.

त्याच आठवड्यात दोघी टोक्टोबूबू आपाकडे गेल्या. आपा ऐंशीच्या, ऐकायला कमी, बोलायला भरपूर. चहा ओतता ओतता त्यांनी एल्झादाला विचारलं, "तू तर निघालीस ना गं कोरियाला? मग मतं कशाला मागतेस?"

"कोण म्हणालं, आपा?"

"शारकान म्हणाली. आणि तिला हिनंच सांगितलं की!" आपांनी किटलीच मारझानकडे रोखली.

मारझानचा हात वाडग्यावर तसाच राहिला. आता ही पोर उठेल, ओरडेल, गल्लीभर करेल, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते व्हावं असंही वाटलं.

एल्झादानं तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग आपांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "खरंय, आपा. जायचा विचार होता. एजेंशी बोलले होते मी. पण आता नाही जात. तुम्हाला सोडून कुठं जाऊ?"

आपा खूश झाल्या. त्यांनी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

दोघी रस्त्यावर आल्या. पुढच्या फाटकापाशी एल्झादा नेहमीसारखी बाजूला सरली आणि म्हणाली, "आधी तुम्ही, एजे." मारझाननं दार वाजवलं. तिच्या मनात आभार आले नाहीत, शरम आली ती अगदी थोडी. मोठ्या मनाचं होणंही हिनंच करून टाकलं, माझ्यासाठी काही ठेवलंच नाही, असं काहीतरी तिच्या आत कढत राहिलं.

निकाल लागला. बुलाकचे पाच निवडून आले. एल्झादाच्या नावावर अकराशे चाळीस खुणा, तुरातबेकपेक्षाही जास्त. मारझानला दोनशे बारा. सहाव्या माणसापेक्षा चार जास्त. पाचवी म्हणून का होईना, ती नगरपरिषदेत गेली. दुइशेननं टॅक्सीला फुगे बांधले. दिवसभर ती खरोखर आनंदात होती. संध्याकाळी तुरातबेकचा फोन आला, की परिषदेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचं नाव ठरलं: एल्झादा.

परिषदेत एकवीस जण. बुलाकचे पाच आणि मित्रपक्षाचे सहा मिळून अकरा. समोर दहा. मतदान गुप्त.

त्या सकाळी सभागृहाबाहेर बायका फुलं घेऊन उभ्या होत्या. एल्झादानं शिवून घेतलेला निळा पोशाख घातला होता. "एजे, माझी कॉलर नीट आहे का हो?" तिनं विचारलं. मारझाननं कॉलर सारखी केली. मानेमागचा एक केस काढून टाकला. मग आपली चिठ्ठी घेऊन पडद्याआड गेली.

आत पेन दोरीला बांधलेलं होतं. कागदावर दोन नावं. मारझाननं विचार केला नाही. तिच्या डोळ्यांपुढं नुसत्या टाळ्या आल्या. यादी वाचतानाच्या, आणि आता थोड्या वेळानं होणार होत्या त्या. तिनं दुसऱ्या नावापुढं खूण केली.

दहा विरुद्ध अकरा. एल्झादा हरली.

बाहेरच्या बायका फुलं घेऊन गेल्या. अर्ध्या तासात बुलाकचे पाचही जण पक्ष कचेरीत होते आणि तुरातबेक भिंतीला धक्के बसावेत असे ओरडत होते. मित्रपक्षानं आधीच फोन करून सांगितलं होतं की आमची सहा मतं पक्की आहेत, घरभेदी तुमच्यात शोधा.

सगळ्यांच्या नजरा सापारालीकडे. सापाराली विटांचा ठेकेदार. समोरच्या पक्षात त्याचा मेव्हणा होता, आणि तसाही तो कुणाला फारसा आवडत नसे.

तुरातबेकनी कपाटातून नानची भाकरी काढून टेबलावर ठेवली. "हिच्यावर हात ठेवा आणि बोला."

स्वतः त्यांनी आधी ठेवला. मग तरुण शिक्षक एमिलबेकनं ठेवला. एल्झादानंही ठेवला, स्वतःलाच मत दिल्याची शपथ घेताना ती कसंनुसं हसली. सापारालीनं दोन्ही हात ठेवले. "ही भाकरी मला मारो, बायके, मी दगा दिला असेल तर. माझ्या नातवंडांना मारो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"भाकरीपुढंही खोटं बोलतोस?" तुरातबेक गरजले. "जा. उद्यापासून इथं पाऊल ठेवू नकोस!"

सापाराली टोपी चाचपत उभा राहिला. टोपी त्याच्या डोक्यावरच होती.

"बायके, माझी पाळी राहिली," मारझान म्हणाली.

तुरातबेकनी तिच्याकडे न बघताच हात झटकला. "तुझी कसली पाळी? तू घरचीच. चहा टाक जरा."

आणि नेमकं इथं तिच्यात काहीतरी तुटलं. सापारालीची दया आली होती, तीही खरी होती. पण तिला लागलं ते वेगळंच. या खोलीत तिच्यावर संशय घेण्याचंही कुणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाला ती नव्हती, अध्यक्षपदाला नव्हती, आणि दगा देणाऱ्यांतही तिला कुणी मोजत नव्हतं.

"मला का नाही विचारत?" ती ओरडली. "माझ्यात तेवढीही धमक नाही असं वाटतं तुम्हाला? मी दिलं ते मत. मी! सापारालीला बसू द्या."

तुरातबेकनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

बोलली ती एल्झादा. आधी अगदी हळू. "कॉलर नीट केलीत माझी."

"हो."

"आपांकडं मी तुम्हाला वाचवलं. मला वाटलं, माणूस आहे, जळफळाट होतो, निघून जाईल." मग तिचा आवाज चढला, आणि रुग्णवाहिकेत मरणाऱ्या माणसाशीही शांतपणे बोलणारी ती पोर टेबलावर मूठ आपटून ओरडायला लागली. "तुम्ही निवडून कशा आलात, माहितीय? दोनशे बारातली सत्तर मतं माझ्या गल्लीची आहेत! मी दारोदार सांगितलं, मला पुरेत, तुम्ही एजेंच्या नावापुढं खूण करा, त्यांनी अकरा वर्षं घातलीत! मूर्ख होते मी! मूर्ख!" तिनं कोट ओढला, बाही सापडेना, तसाच खांद्यावर टाकून ती निघाली. दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं पक्षाचं निशाण वाकडं झालं.

मारझान टेबलाची कड धरून उभी राहिली. सत्तर. म्हणजे खुर्चीसुद्धा तिनंच दिलेली. आणि तरी, लाजेच्या खाली कुठंतरी, आज पहिल्यांदा त्या पोरीचा चेहरा विद्रूप झालेला पाहिला, याचं समाधान होतं. तेही तिला कळलं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली.

तुरातबेकनी कचेरीच्या किल्ल्या काढून घेतल्या. सदस्यत्व मात्र कायद्यानं काढता येत नव्हतं. राजीनामा दे, असं दुइशेन दोनदा म्हणाला. ती म्हणाली, "दिला तर ती सत्तर मतंही वाया." सापारालीच्या घरी ती पीठ आणि साखर घेऊन माफी मागायला गेली. त्यानं चहा दिला, पण तो तिच्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलला नाही. गावात बायका तिच्याशी बोलत, पण बाजारात ती जवळ आली की विषय बदलत.

हिवाळाभर एल्झादा तिच्याशी बोलली नाही. परिषदेत गरज पडली तर "मारझान असानोव्ना" म्हणायची, परक्या अधिकाऱ्याला म्हणावं तसं.

मार्चमध्ये वरच्या गल्लीच्या पाण्याच्या नळाचा ठराव आला. मांडला एल्झादानं. वीस मिनिटं बोलली, हातात एकही कागद नव्हता. कुठल्या घरातली म्हातारी किती पायऱ्या उतरून बादली आणते, तेही तिला पाठ होतं. प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नव्या अध्यक्षाला दोनदा शांतता म्हणावं लागलं. समोरच्या पक्षातलेही दोघं माना हलवत होते.

मारझानला पुन्हा तोच जुना जळफळाट झाला, जसाच्या तसा, एक कणही कमी न झालेला. मला असं कधीच बोलता येणार नाही, तिला वाटलं. माझ्यासाठी असं कुणी कधीच टाळ्या वाजवणार नाही.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले.

मतदान उघड होतं. पण तसं नसतं तरी काय केलं असतं, हे मारझाननं स्वतःला विचारलं आणि उत्तर यायची वाट पाहिली नाही. तिनं हात वर केला. खांदा दुखेपर्यंत सरळ, शेवटचा हात मोजून होईपर्यंत.