बारा जीबी

वादळ ओसरून चार दिवस झाले होते. पोर्ट विला या बेटांच्या राजधानीतल्या एका चर्चच्या सभागृहात मदतकेंद्र उघडलं होतं आणि दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती. बेटाबेटांवरून हलवलेली माणसं कुठल्या शाळेत, कुठल्या दवाखान्यात आहेत, याच्या नोंदी तिथल्या एकाच सर्व्हरवर होत्या. तो सांभाळायची लेइमारा.

एकेक नाव सापडायला चार-चार मिनिटं लागत होती. कारण तिला ठाऊक होतं. मशीन नवं, सोळा जीबी मेमरीचं. पण डेटाबेसला नोंदी हाताशी ठेवायला दिलेली जागा, म्हणजे कॅश, जुन्या मशीनइतकीच राहिली होती. दर नावासाठी तो बिचारा डिस्कवर धावत होता.

"बारा जीबी देऊन टाकते," ती म्हणाली.

"आधी थोडी वाढवून बघ गं," शेजारचा तोआरा म्हणाला. "एवढी माणसं उभी आहेत."

"म्हणूनच तर!"

तिनं आकडा बदलला. पाच मिनिटं नावं भराभर आली. मग त्याच मशीनवरच्या बाकीच्या कामांना मेमरी पुरेना आणि सगळंच गोठलं. मशीन बंद करून, डिस्क तपासून, आकडा चारवर आणेपर्यंत दीड तास गेला.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर पहिला नंबर एमाए बेटावरच्या लेइविया म्हातारीचा. नवऱ्याचं नाव टाकताक्षणी उत्तर आलं: सांतो बेटावरचा दवाखाना.

"जहाज कितीला आहे, पोरी?"

लेइमारानं घड्याळ पाहिलं. "दहाला गेलं, बुबू," ती म्हणाली; तिकडे आजीला बुबूच म्हणतात. "वीस मिनिटं झाली."

विमानाची धावपट्टी पाण्याखाली होती. पुढचं जहाज परवा. म्हातारीचा नवरा कालमेर दुसऱ्या दिवशी दुपारीच वारला.

आठवड्यानं लेइमारा, सुतकाच्या घरी न्यायची रीत म्हणून, चटई घेऊन म्हातारीच्या लेकीकडे गेली. अंगणात सुतकाला आलेल्या बायका बसल्या होत्या. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "बुबू, यंत्र आपोआप बंद नव्हतं पडलं. मी घाई केली. तोआरा नको म्हणत होता."

म्हातारीनं हातातली सुरी खाली ठेवली.

"शेवटी तो मला हाका मारत होता म्हणे," ती म्हणाली. "तुला माफ केलं असं आज मला म्हणता येणार नाही."

"नका म्हणू."

"पण आलीस. बाकी कोण येऊन सांगतं?" तिनं तारोच्या कंदांची टोपली पुढे सरकवली. "बस. सोलायला हात कमी पडताहेत."

लेइमारा बसली. अंधार पडेपर्यंत सोलत राहिली.