जयची टीम जिंकत सुटली

अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. नाव फुटबॉल, आणि बॉल हातात घेऊन पळतात. चार पावलं पळाले की सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात, मग उठून गोलात उभं राहून मीटिंग घेतात. पण गेल्या सप्टेंबरपासून आमच्या इथल्या, आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घराचं काय होणार, ते ह्याच लोकांच्या हातात होतं. कारण आमच्या ह्यांची जीभ.

अठरा वर्षं मी रोज एकच घोकतेय, चिपळूणला परत कधी जायचं? तिथे आमचा ब्लॉक कुलूप लावून पडलाय. आणि हे अठरा वर्षं म्हणतात, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. ऑगस्टमध्ये जेवताना मी फारच लावून धरलं, तेव्हा हे वैतागून म्हणाले, "जयची टीम प्लेऑफला पोचली की रिझाइन करतो. खलास."

जय आमचा मुलगा. चार वर्षं अमेरिकेत शिकला, नोकरीला इथे आला आणि येताना ह्या टीमचं वेड घेऊन आला. आदल्या सीझनला सतरापैकी चौदा मॅच हरलेली टीम. प्लेऑफ म्हणजे निवडक टीमच्या बाद फेऱ्या, त्यात ही कुठली जातेय! जयला हसताना ठसका लागला.

आणि मेली टीम जिंकायला लागली की हो.

मॅच तिकडे दुपारी, म्हणजे इकडे रात्री. मला निकाल कळायचा सोमवारी सकाळी, डबे भरताना. "दे वन अगेन, आई," म्हणत जय किचनमध्ये यायचा. पहिल्या तीन विजयांना मी शिरा केला. सहाव्याला रव्याचा डबा उघडलाच नाही. का, ते मलाच कळेना. आनंद व्हायला हवा होता ना?

खालच्या मजल्यावरची जहांआरा रत्नागिरीची. रोज संध्याकाळी आम्ही बिल्डिंगांभोवती फेऱ्या मारतो. ती म्हणाली, मुबारक हो कुंदा, सुटलीस तू. मी उगीच तिच्यावर खेकसले. घरी येऊन मी विचार करत बसले, चिपळूणला आता मला ओळखतं कोण? जावा पुण्याला, मैत्रिणी नातवंडं सांभाळायला गेलेल्या. तिथे फेऱ्या कुणाबरोबर मारू, कुलपाबरोबर? मला जायचंच नव्हतं. पण अठरा वर्षं नवऱ्याचं डोकं खाल्लं, आता कुठल्या तोंडाने सांगणार?

तर जानेवारी आला. सोळा मॅच झाल्या, अकरा जिंकल्या. शेवटची जिंकली की प्लेऑफ नक्की. त्या रविवारी सकाळी मी देव पाण्यात ठेवले. फारच अडलं की आमच्याकडे हाच उपाय, काम होईपर्यंत देवाने पाण्यात बसायचं. पितळेचा गणपती पातेल्यात बुडवला आणि सांगितलं, बाप्पा, आज ह्या मेल्यांना हरव.

संध्याकाळी हे चहाला किचनमध्ये आले आणि पातेल्यापाशी थांबले. डोळे भरून आले हो त्यांचे.

"कुंदा, देव पाण्यात घालण्याइतकी तुला ओढ आहे, आणि मी अमेरिकेतल्या पोरांच्या आड लपत होतो," ते म्हणाले. "मॅचची वाट नको बघूस. मी शुक्रवारीच रिझाइन केलं."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. दोन दिवस हे आंघोळ करताना गुणगुणत होते, ते ह्यामुळे होय! गप्प बसावं असं वाटलं. पण जन्मभर कधी गप्प बसले नाही, ती आज कशी बसणार?

"अहो, मला नाही जायचं," मी म्हटलं. "मी टीम हरायला देव ठेवलेत."

हे स्टुलावर बसले. "मग अठरा वर्षं काय म्हणत होतीस?"

"सवय झाली होती हो. खरं सांगते, मला तरी कुठे ठाऊक होतं."

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उद्या जाऊन राजीनामा परत मागतो म्हणाले, मॅनेजर भला माणूस आहे, देईल. बोलताना चेहरा असा उतरला की मला राहवेना. मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला जायचंय का?"

"शुक्रवारपर्यंत नव्हतं," ते म्हणाले.